मुठेकाठी ध्वनिकलाकृती उभारताना : ठिकाणांच्या निवडीपासून सादरीकरणापर्यंत

सांडपाण्याचा नाला काठावरून चार-पाच फूट खाली नदीत कोसळतो, तेव्हा डोळे मिटून ऐकणाऱ्याला तो आवाज ताम्हिणी घाटातल्या पावसाळी धबधब्याहून वेगळा ओळखता येत नाही. पाणी उंचावरून पडले, त्यात हवा कोंडली आणि बुडबुडे फुटले की खळखळाट होतोच. पाणी स्वच्छ आहे की गटाराचे, याचा त्या आवाजाशी फारसा संबंध नसतो. नदीची परिसंस्था आणि तिच्यावरचा माणसाचा भार हा विषय ध्वनीतून मांडू पाहणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येते. आवाज गोड आहे म्हणून नदी निरोगी आहे असे होत नाही, आणि आवाज कर्कश आहे म्हणून ती मेली असेही होत नाही. म्हणून कलाकृतीची रचना अशी हवी की, ऐकणाऱ्याला आवाज कळेलच, पण तो कुठला, केव्हाचा आणि कशामुळे झालेला हेही कळेल. पुढील मार्गदर्शन पुण्याच्या मुठा नदीला समोर ठेवून लिहिले आहे. पद्धत मात्र पंचगंगेला, गोदावरीला किंवा गोव्यातल्या मांडवीलाही थोड्याफार फरकाने लागू पडेल.

आधी प्रश्न, मग यंत्र

बहुतेक जण रेकॉर्डर विकत घेण्यापासून सुरुवात करतात. तसे न करता आधी एक प्रश्न कागदावर लिहावा, आणि तो शक्य तितका अरुंद असावा. ‘मुठेचा आवाज’ हा प्रश्न नव्हे. ‘धरणातून विसर्ग सुरू झाल्यावर शहरातल्या पात्रातले कोणते आवाज बुजतात आणि तो थांबल्यावर कोणते परत येतात?’ हा प्रश्न आहे. ‘पुलावरची वाहतूक पाण्याखाली कुठपर्यंत पोचते?’ हाही प्रश्न आहे. प्रश्न अरुंद असला की ठिकाणे, वेळा आणि साधने बरीचशी आपोआप ठरतात.

या क्षेत्रात आधी झालेल्या कामाकडे पाहताना हेच दिसते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या संगीतकार ॲनिया लॉकवूड यांनी १९८२ मध्ये हडसन नदीचा ध्वनिनकाशा केला आणि पुढे २००१ ते २००४ या काळात डॅन्यूब नदीकाठी ध्वनिमुद्रण करून तिचाही नकाशा तयार केला. दोन्ही कामांत नदी उगमाकडून मुखाकडे ऐकू येते आणि भिंतीवरच्या नकाशात कोणता आवाज कुठला व किती वाजून किती मिनिटांनी येतो ते दिलेले असते. डॅन्यूबच्या कामात काठावरची माणसे आपापल्या भाषेत बोलतात. ऑस्ट्रेलियात लीआ बार्कले यांनी २०१४ मध्ये क्वीन्सलंडमधल्या नद्यांवर सुरू केलेल्या उपक्रमाचा हेतू वेगळा होता. तेथे पाण्याखालच्या आवाजांवरून माशांना न पकडता, न दुखवता त्यांचा माग काढता येईल का, हे कलावंत आणि नदी-अभ्यासक एकत्र तपासत होते. एका कामात भूगोल पुढे आहे, तर दुसऱ्यात जीवशास्त्र. आपले काम या दोहोंत कुठे बसते, हे घराबाहेर पडण्यापूर्वी ठरलेले असावे.

नदी समजून घेऊन ठिकाणे निवडावीत

मुठेवर टेमघर, मोसी नदीवर वरसगाव आणि आंबी नदीवर पानशेत ही धरणे आहेत, आणि या तिन्हींचे पाणी खडकवासल्यात येते. पावसाळ्यातला विसर्ग सोडला तर खडकवासल्याचे पाणी शहराच्या नळांना आणि कालव्याला जाते. धरणाखालच्या पात्रात फारसे काही सुटत नाही. याचा अर्थ असा की, चैत्र-वैशाखात विठ्ठलवाडीपासून संगमापर्यंत जी मुठा वाहते ती बहुतांशी शहराचीच निपज असते. आंबिल ओढा, नागझरी आणि असंख्य लहान नाले मिळून ती बनलेली असते. हे ठाऊक नसेल, तर उन्हाळ्यातला प्रवाह टिपून त्याला ‘सह्याद्रीतून आलेली नदी’ म्हणण्याची चूक सहज होते.

पहिल्या कामासाठी पाच-सहा ठिकाणे पुरेत. धरणांच्या वरच्या अंगाला एखादा बारमाही ओढा घ्यावा, म्हणजे तुलनेला आधार मिळतो. त्यानंतर विठ्ठलवाडीच्या देवळाजवळचा घाट, भिडे पुलाचा परिसर, ओंकारेश्वराजवळचा काठ, मुळा-मुठेचा संगम आणि बंडगार्डनच्या बंधाऱ्याखाली कल्याणीनगरकडे पसरलेला, डॉ. सलीम अली यांच्या नावाने ओळखला जाणारा पक्ष्यांचा पट्टा, अशी साखळी धरता येईल. ज्यांना अधिक वेळ आहे त्यांनी रांजणगाव सांडसपर्यंत जावे, कारण तेथे मुळा-मुठा भीमेला मिळते आणि शहराचे पाणी ग्रामीण भागाच्या वाट्याला येते. हा भाग शहरी कलावंतांच्या नजरेतून हमखास सुटतो.

धरणाच्या भिंतीजवळ ध्वनिमुद्रण करू नये. खडकवासल्याच्या जलाशयाला लागून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर आहे आणि धरणावर जलसंपदा विभागाचे नियम लागू असतात. हेडफोन लावून, हातात केसाळ झाकणाचा मायक्रोफोन धरून उभा असलेला माणूस सुरक्षारक्षकाला काय वाटेल, याचा विचार आपणच आधी केलेला बरा. लेखी परवानगी मिळाली नाही, तर खाली नदीकाठच्या सार्वजनिक वाटेवरूनच काम करावे.

ठिकाणांइतक्याच वेळाही महत्त्वाच्या आहेत. प्रत्येक ठिकाणी पहाट, भर दुपार, तिन्हीसांज आणि मध्यरात्र अशा चार वेळा, आणि वर्षात किमान तीन ऋतू, असा आराखडा ठेवावा. दहा मिनिटांचा सलग तुकडा प्रत्येक वेळी घ्यावा. ‘आज काही विशेष नाही’ म्हणून तो कधीही टाळू नये, कारण तुलनेसाठी पुढे नेमका तोच लागतो.

सुरक्षितता

पानशेत फुटले तो १२ जुलै १९६१ चा दिवस पुण्यात अजून सांगितला जातो; अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरले, तेव्हा खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्यूसेक (एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर) विसर्ग सुरू होता. पावसाळ्यात पात्रात उतरण्यापूर्वी त्या दिवसाचा विसर्ग पाहावा आणि भोंगा किंवा ध्वनिक्षेपकावरची सूचना ऐकू येताच सामान तिथेच टाकून वर यावे. पावसाळ्यात हेडफोनचा एक कान उघडाच ठेवावा, म्हणजे ही सूचना ऐकू येईल. एकट्याने जाऊ नये. गुडघ्यापर्यंतचे बूट आणि रबरी हातमोजे घालावेत, अंगावर जखम असेल तर पाण्याला हात लावू नये (लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या संसर्गाचा धोका खरा असतो), आणि घरी आल्यावर केबलसुद्धा साबणाने धुवावी.

साधने : विकतची आणि घरची

हवेतल्या आवाजासाठी दोन मायक्रोफोन जोडलेला कोणताही बरा हातातला रेकॉर्डर चालतो. त्यावर केसाळ वारारोधक झाकण मात्र हवेच. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात करावे. दोन वाहिन्यांचे असे ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा घेते, त्या हिशोबाने कार्ड घ्यावे. रात्रभर ठेवायला ऑडिओमॉथसारखा लहान, स्वयंचलित रेकॉर्डर सोयीचा पडतो. तो झाडाला बांधताना त्यावर आपले नाव, उद्देश आणि दूरध्वनी क्रमांक मराठीत लिहिलेली चिठ्ठी लावली तर चोरीची नाही तरी संशयाची शक्यता कमी होते.

पाण्याखालच्या आवाजासाठी हायड्रोफोन लागतो. विकतचा परवडत नसेल तर तो घरी करता येतो आणि शिकण्यासाठी मी तर घरच्यालाच प्राधान्य देईन. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत २७ मिलिमीटरची पिएझो चकती, म्हणजे कंपांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी चकती, मिळते. पाच-सहा मीटर लांबीची जाळीचे आवरण असलेली ध्वनिकेबल घ्यावी. तिची मधली तार चकतीच्या पांढऱ्या भागाला आणि जाळी पितळी भागाला डाग देऊन (सोल्डर करून) जोडावी. डाग देताना सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, अन्यथा पांढरा थर भाजतो. त्यानंतर चकती आणि जोड यांवर इपॉक्सीचा पातळ थर आणि वरून द्रवरूप रबराचे तीन-चार थर द्यावेत व प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. केबल जिथे आत शिरते ती जागा सर्वात आधी गळते, म्हणून तेथे रबर सढळ हाताने लावावे. तयार झालेला हायड्रोफोन रात्रभर बादलीत बुडवून ठेवावा आणि सकाळी ऐकून पाहावा. गुरगुर किंवा सततची घरघर येत असेल तर पाणी तरी शिरले आहे किंवा जाळी नीट जोडली गेलेली नाही.

येथे एक तांत्रिक मुद्दा आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे पुष्कळ जण ‘घरचा हायड्रोफोन पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो’ अशी तक्रार करतात. अशा चकतीची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, सुमारे २० नॅनोफॅरड असते. ती थेट रेकॉर्डरच्या साध्या मायक्रोफोन-इनपुटला लावली आणि त्या इनपुटचा रोध दोन किलोओहम असला, तर सुमारे ४ किलोहर्ट्झच्या खालचे आवाज झपाट्याने क्षीण होतात, म्हणजे नदीतले जवळजवळ सगळे महत्त्वाचे आवाज गळतात. एक मेगाओहम रोधाचे इनपुट वापरले तर ही सीमा ८ हर्ट्झपर्यंत खाली जाते. गिटारसाठी असलेले इनपुट किंवा चकतीजवळ बसवलेला छोटा पूर्ववर्धक (प्रीॲम्प्लिफायर) हे काम करतो.

पुलाचे कठडे, बंधाऱ्याची लोखंडी दारे, पाण्याचे नळ यांच्यातले कंप ऐकण्यासाठी तीच चकती, रबराशिवाय, चिकटपट्टीने लावली की झाले.

पाण्याखाली काय ऐकू येते

ध्वनीचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३४६ मीटर, तर पंचवीस अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात सुमारे १,४९७ मीटर असतो, म्हणजे चौपटीहून अधिक. त्यामुळे पाण्यात बुडी मारलेल्या माणसाला आवाज कुठून आला ते कळत नाही. दोन हायड्रोफोन वापरून डावे-उजवे असे काही जाणवायला हवे असेल, तर त्यांच्यातले अंतर दोन कानांमधल्या अंतराच्या चौपटीहून थोडे जास्त, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास ठेवावे.

दुसरी गोष्ट खोलीची. उथळ पाण्यात खालच्या पट्टीचे आवाज दूर जाऊ शकत नाहीत. तळ कठीण खडकाचा असेल आणि पाणी एक मीटर खोल असेल, तर साधारण ३७० हर्ट्झच्या खालचे आवाज उगमापासून थोड्याच अंतरावर विरतात. पाणी अर्धा मीटर असेल तर ही सीमा दुप्पट वर सरकते. मुठेचे उन्हाळी पात्र बहुतेक ठिकाणी इतकेच उथळ असते. त्यामुळे एका जागी ऐकलेले पाणी पन्नास मीटरवरच्या पाण्याबद्दल फारसे सांगत नाही. समुद्रातल्या देवमाशांच्या ध्वनिमुद्रणांवर पोसलेली आपली कल्पना नदीत उतरताना काठावरच ठेवावी.

तिसरी गोष्ट हवा आणि पाणी यांच्या सीमेची. हवेतून येणाऱ्या ध्वनीच्या ऊर्जेपैकी जेमतेम हजारावा भाग पाण्यात शिरतो आणि बाकीची परावर्तित होते. म्हणून विसर्जन मिरवणुकीतल्या ढोल-ताशांनी काठावर छाती दणाणत असतानाही पाण्याखाली त्यांचा मागमूस फारसा लागत नाही. पुलाचे मात्र वेगळे आहे. भिडे पुलासारख्या बैठ्या पुलावरून दुचाकी जाते तेव्हा तिचा कंप खांबांतून थेट पाण्यात उतरतो. खांबाला चकती चिकटवून एका कानात आणि हायड्रोफोन पाण्यात सोडून दुसऱ्या कानात ऐकले, की सांध्यावरून गेलेले प्रत्येक चाक आधी खांबात आणि लगेच पाण्यात ऐकू येते. नंतर हायड्रोफोन हळूहळू खांबापासून दूर न्यावा. कुठे तो ठोका विरतो ते दोरीवर गाठ मारून मोजावे. नदीपात्रात खांब रोवून बांधलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल, मेट्रोच्या खांबांसह, हीच चाचणी करता येईल. मला विचाराल तर मुठेवरच्या कलाकृतीचा कणा होण्याइतकी ही एकच मालिका समृद्ध आहे.

आता सजीवांकडे यावे. संथ, झाडझाडोरा असलेल्या पाण्यात पहिल्यांदा ऐकू येणारा चिरचिर-किरकिर आवाज बहुधा पाणकिड्यांचा असतो. मायक्रोनेक्टा वंशातला जेमतेम दोन मिलिमीटरचा एक युरोपीय किडा शरीराच्या आकाराच्या मानाने सर्वांत मोठा आवाज करणारा प्राणी असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आवाजाचा कमाल दाब ९९ डेसिबलच्या वर मोजला गेला. या वंशातले किडे आपल्याकडच्या तळ्या-डोहांतही आहेत. शिंगाळ्यासारखे मासे कल्ल्यामागच्या काट्याचे मूळ घासून करकर आवाज करतात. आफ्रिकेतून येऊन आपल्या पाण्यात ठाण मांडलेल्या चिलापीचे नर वीण काळात हलका, खालच्या पट्टीतला गुरगुराट करतात, पण तो उथळ पाण्यात जवळ गेल्याशिवाय सापडत नाही.

बुडबुड्यांचा विषय जरा सावकाश घेण्यासारखा आहे. बुडबुड्याचा स्वर त्याच्या आकारावर ठरतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा पृष्ठभागाजवळ साधारण ३.३ किलोहर्ट्झला वाजतो, आणि दहापट मोठा बुडबुडा दहापट खालच्या पट्टीत. पाणवनस्पती उन्हात प्राणवायू सोडतात तेव्हा पानांवरून सुटणाऱ्या बारीक बुडबुड्यांची उंच टिकटिक ऐकू येते. तळाचा गाळ कुजतो तेव्हा त्यातून मिथेनचे मोठे बुडबुडे निघतात आणि त्यांचा आवाज डबडब असा खालचा असतो. पहिला आवाज जिवंतपणाची खूण आहे, तर दुसरा बहुधा प्राणवायू संपलेल्या गाळाची. ध्वनिमुद्रणात मात्र दोन्ही तितकेच मोहक वाटतात. ओळख पटवायची तर दिवसाचा क्रम पाहावा. वनस्पतींची टिकटिक उन्हाबरोबर वाढते, ढग आला की मंदावते आणि रात्री थांबते; गाळाचे बुडबुडे रात्रीही येतात, थांबून थांबून, झुंडीने येतात आणि काठीने तळ ढवळला की एकदम उसळतात. जलपर्णीने झाकलेल्या पाण्यात पृष्ठभागाखाली उजेड पोचत नाही, त्यामुळे तेथे पहिला आवाज सहसा मिळत नाही आणि दुसरा भरपूर मिळतो.

हवेतले पक्षीही असेच फसवतात. टिटवी, खंड्या, धोबी, हळदी-कुंकू बदक यांच्या आवाजांनी भरलेली पहाट ऐकून नदी सुधारली असे वाटू शकते. परंतु शेकाट्यांचे मोठे थवे सांडपाण्याच्या उथळ, किडेयुक्त चिखलातही मजेत चरतात. म्हणून ‘पक्षी आहेत’ एवढे पुरत नाही. कोणते आहेत आणि काय खात आहेत, याची नोंद हवी.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण

ठिकाणी पोचल्यावर लगेच यंत्र सुरू करू नये. पाच मिनिटे उभे राहून फक्त ऐकावे आणि ऐकू आलेले सगळे वहीत उतरवावे, कारण कान जे वगळतो ते यंत्र वगळत नाही, आणि या दोन याद्यांतला फरक पुढे उपयोगी पडतो. हायड्रोफोन बांबूच्या टोकाला सैल बांधून तळापासून वीतभर वर सोडावा. तो मुख्य धारेत धरला तर पाणी त्याच्यावर आपटण्याचाच आवाज येतो. मोठ्या दगडाच्या मागे, जिथे पाणी वळून शांत होते, तिथे तो ठेवावा. केबलचा ताण हाताला लागता कामा नये, नाहीतर आपल्या बोटांचीच खरखर ध्वनिमुद्रित होते. एवढे झाल्यावर दहा मिनिटे थांबावे. आपण पाणी ढवळल्यामुळे गप्प झालेले किडे तोवर पुन्हा सुरू होतात.

गेन, म्हणजे यंत्राची ध्वनिग्रहणाची पातळी, सर्व ठिकाणी एकच ठेवावी आणि ती स्वयंचलित पद्धतीवर कधीही ठेवू नये. स्वयंचलित पातळी शांत ओढ्याला फुगवते आणि गजबजलेल्या पुलाला दाबते. मग ‘शहर किती मोठ्याने वाजते’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकारच आपण गमावतो. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला ठिकाण, तारीख, वेळ, पाण्याची अंदाजे खोली, हवामान आणि त्या दिवशीचा विसर्ग स्वतःच्या आवाजात बोलून ठेवावे. वही हरवते, चिठ्ठी भिजते, पण ध्वनीतच असलेली नोंद ध्वनीबरोबरच राहते.

शक्य असल्यास पाण्याचे तापमान आणि विरघळलेला प्राणवायू मोजावा, किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची त्या ठिकाणाजवळची मासिक आकडेवारी सोबत ठेवावी. केंद्रीय मंडळाच्या वर्गीकरणानुसार आंघोळीयोग्य पाण्यात प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि जैविक प्राणवायूची मागणी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅमच्या आत असावी लागते; वन्यजीव आणि माशांसाठी प्राणवायूची किमान मर्यादा ४ मिलिग्रॅम आहे. धबधब्यासारख्या वाजणाऱ्या नाल्याशेजारी हे आकडे ठेवले की ऐकणाऱ्याच्या मनात जे होते, ते निवेदनाने साधत नाही.

माणसांचे आवाज

नदीवर कपडे धुणाऱ्या बाया, गळ टाकून बसलेली मुले, घाटावर दशक्रियेचे विधी करणारे गुरुजी, पूररेषेच्या आतल्या वस्तीत राहणारी कुटुंबे, पानशेतच्या पुरात घर गेलेल्या आणि आज ऐंशीच्या घरात असलेल्या आजी, ही सारी या परिसंस्थेची माणसे आहेत. त्यांना ‘प्रदूषण करणारे’ म्हणून एका बाजूला उभे करणारी कलाकृती अर्धवट ठरते, कारण पात्रात सर्वाधिक पाणी सोडणारे आपापल्या सदनिकांत बसलेले असतात आणि त्यांचा आवाज नदीकाठी ऐकूच येत नाही. तो हवा असेल तर स्वयंपाकघरातल्या मोरीचा, फ्लशचा, इमारतीच्या सांडपाण्याच्या पाइपचा आवाज टिपावा. पाइपला चकती चिकटवली की मजल्यामजल्यावरून खाली येणारे पाणी स्पष्ट ऐकू येते.

मुलाखतीपूर्वी ध्वनिमुद्रण कशासाठी, कुठे वाजणार आणि नाव द्यायचे की नाही, हे साध्या शब्दांत सांगावे आणि होकार तोंडी असला तरी ध्वनिमुद्रित करावा. यंत्र लगेच पुढे करू नये. ‘आजी, तुम्ही लहान असताना इथे काय ऐकू यायचे?’ असे विचारून गप्प बसावे. उत्तराला वेळ लागतो. संपादन झाल्यावर तो भाग त्यांना आधी ऐकवावा आणि नको म्हणाल्या तर काढून टाकावा.

निवड, जुळणी आणि आकड्यांचा वापर

तासन्‌तास साहित्य जमल्यावर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत त्याचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वेळ आणि कंप्रता यांचा आलेख, पाहून छाननी करावी. किड्यांची किरकिर आडव्या पट्ट्यांत दिसते, बुडबुडे ठिपक्यांत आणि वाहतूक तळाशी साचलेल्या गडद थरात. ध्वनीवरून परिसंस्थेचा निर्देशांक काढणारी सूत्रेही उपलब्ध आहेत, परंतु ती डोळे झाकून वापरू नयेत. एक प्रचलित निर्देशांक १ ते २ किलोहर्ट्झमधला आवाज माणसाचा आणि २ ते ८ मधला सजीवांचा धरतो. आपल्याकडे कोकिळेचा बराचसा आवाज या पहिल्या पट्ट्यातच येतो, आणि भारद्वाजाचे घुमणे तर त्याच्याही खाली असते. त्या सूत्राच्या हिशोबाने आंब्यावरची कोकिळा रिक्षांच्या खात्यात जमा होते!

जुळणी करताना दोन नियम पाळावेत असे माझे ठाम मत आहे. पहिला, प्रतिध्वनीची कृत्रिम भर घालू नये. त्यामुळे कोणतीही नदी देवळाच्या गाभाऱ्यासारखी पवित्र वाटू लागते आणि मूळ प्रश्न विरघळून जातो. दुसरा, वेग किंवा पट्टी बदलली असेल तर ते ऐकणाऱ्याला सांगावे. बारीक टिकटिक चारपट संथ करून ऐकवणे गैर नाही, ते भिंग लावण्यासारखे आहे, पण भिंग लावले आहे हे लपवू नये.

आकडे ध्वनीत उतरवायचे असतील तर मुठेसाठी विसर्गाची आकडेवारी सर्वांत सोपी आहे. शून्यापासून ३५ हजार क्यूसेकपर्यंतचा पल्ला सरळ प्रमाणात आवाजाच्या पातळीला जोडला तर वर्षातले अकरा महिने शांतता आणि काही तास किंचाळी असे काहीतरी निपजते. म्हणून लॉगॅरिदमिक श्रेणी घ्यावी, म्हणजे दर दहापटीला पातळीची एक पायरी. शून्य विसर्गाच्या दिवसांना मात्र पूर्ण शांतता द्यावी, तिथे पार्श्वसंगीत भरू नये. धरणाखाली नदी नसते, ही वस्तुस्थिती ऐकवण्याचा याहून थेट मार्ग मला दिसत नाही.

सादरीकरण

सभागृहात ध्वनिवर्धक मांडताना ते प्रवाहाच्या क्रमाने, एका ओळीत किंवा वळणावळणाने ठेवावेत आणि प्रत्येकातून एकाच ठिकाणचा आवाज यावा, म्हणजे श्रोता खोलीत चालत गेला की उगमाकडून संगमाकडे जातो. भिंतीवर मोठा नकाशा, त्यावर ठिकाण, तारीख, वेळ, प्राणवायू आणि विसर्ग हे पाच तपशील ठेवावेत. नाल्याचा आवाज आणि घाटातल्या धबधब्याचा आवाज शेजारी ठेवून त्यांच्या पाट्या सुरुवातीला झाकून ठेवल्या आणि श्रोत्याने ऐकल्यानंतरच उघडायच्या असे केले, तर नदीच्या गोड आवाजावरचा विश्वास श्रोता स्वतःच तपासू लागतो.

सभागृह परवडत नसेल तर ध्वनिसहल करावी. ओंकारेश्वरापासून संगमाकडे जाणाऱ्या वाटेवर ठिकठिकाणी थांबून हेडफोनवर त्याच जागेचा, पण दुसऱ्या ऋतूतला किंवा पाण्याखालचा आवाज ऐकवावा. वीस जणांच्या वर गट नेऊ नये, आणि सहल संपल्यावर लोकांना बोलू द्यावे. काठावर वाढलेली एखादी व्यक्ती बहुधा गटात निघतेच आणि तिची दुरुस्ती पुढच्या आवृत्तीसाठी मोलाची असते. पेठेतल्या शाळांना या सहलीत आधी घ्यावे.

मूळ ध्वनिफिती जपणे

संपादित कलाकृतीपेक्षा कच्च्या ध्वनिफिती अधिक काळ कामाला येतात. नदीकाठ सुशोभीकरणाचा सुमारे ४४ किलोमीटरचा प्रकल्प मुळा-मुठेवर सुरू आहे, तेव्हा आज टिपलेला ओंकारेश्वराचा काठ पाच वर्षांनी त्याच स्वरूपात ऐकायला मिळेलच असे नाही. प्रत्येक फाइलच्या नावात ठिकाण, वर्ष-महिना-दिवस आणि वेळ या क्रमाने लिहावे. मूळ फाइल कधीही कापू नये. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवाव्यात आणि त्यातली एक आपल्या घराबाहेर असावी. रेडिओ अपोरी हा २००६ पासून चालू असलेला जागतिक ध्वनिनकाशा कोणालाही ध्वनिमुद्रणे जोडू देतो आणि पक्ष्यांचे आवाज झेनो-कँटो या संकेतस्थळावर देता येतात. घरट्यांच्या जागा नेमक्या कळतील असे अक्षांश-रेखांश मात्र विणीच्या काळात जाहीर करू नयेत, आणि ज्या मुलाखतींना सार्वजनिक वापराची परवानगी नाही त्या वेगळ्या फोल्डरमध्ये कुलूपबंद ठेवाव्यात.